सातव्या स्लाइडची लिंक

गोजेच्या जहाज-गोदीत एका ठेकेदाराकडे मी सुरक्षेच्या स्लाइड बनवते. माझं नाव मा सनही. सुरक्षा कुणाची, ते पुढे कळेलच.

गीचल नावाचा तेवीस वर्षांचा वेल्डर मंगळवारी परांचीच्या तिसऱ्या थरावरून पडून मेला. त्याच्या आईने अंत्यविधी अडवून धरला. "पोराचं काय चुकलं ते दाखवा, मग नेते त्याला," म्हणाली.

आमच्या बांग साहेबांनी त्याच्या घरच्यांसाठी स्लाइड करायला सांगितल्या. सातवी स्लाइड : 'परांची तपासणी पूर्ण.' हिरवी खूण. खाली ऑनलाइन तपासणी-वहीची लिंक. त्या वहीत आदल्या दिवशी, सोमवारी, मीच लिहिलं होतं : 'तिसऱ्या थराच्या फळ्या नुसत्या दोरीने बांधल्यात. माणूस चढवू नका.'

"साहेब, वही पण त्यांना खुली करायची ना? नाहीतर लिंक उघडणार नाही."

"मा बाई, लिंक दिसली पाहिजे. उघडली पाहिजे असं कोण म्हणालं?" साहेब हसले. "माणूस हिरवी खूण बघतो नि गप्प बसतो."

पुढच्या सोमवारी स्लाइड गेल्या. वही कुलपातच राहिली. मंगळवारी मला मेल आला, वही बघायची परवानगी कुणीतरी मागतंय. सोबत निरोप : 'मी गीचलची आई. निळी ओळ दाबली की कुलूप दिसतं. उघडा ना.'

मी उघडली नाही. सबबी सांगत नाही. भ्याले.

बुधवारी : 'तुम्ही कोण ते माहीत नाही. जेवलात का? मला घास उतरत नाही. उघडा.'

गुरुवारी : 'दीर म्हणतो, पोरगं नऊ दिवस थंड पेटीत पडलंय, मोकळं कर त्याला. उद्या कंपनीचा कागद येतोय. चूक गीचलची, असं लिहिलंय त्यात. त्याआधी उघडाल का?'

शुक्रवारी तो मेल मी पाच वेळा वाचला. एक बटण दाबायचं होतं. मी जेवायला गेले. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना कळवलं, आईने कागदावर सहीचा शिक्का मारला.

शनिवारी सकाळी मी वही खुली केली. आता कंपनीचं काही बिघडणार नव्हतं, म्हणून माझ्यात धाडस आलं.

रविवारी अंत्यविधीला गेले. फोटोपुढे दोनदा वाकले. आलेल्याला जेवू घालायच्या रीतीप्रमाणे तिने माझ्यापुढे लाल रश्श्याचा वाडगा ठेवला आणि समोर बसली.

"मा सनही तूच ना? परवानगीच्या मेलवर नाव होतं."

"हो, आई."

"वाचलं मी. चढवू नका, असं लिहिलं होतंस. म्हणजे तो जिवंत होता तेव्हा तुला त्याची काळजी होती."

मी मान हलवली.

"मग शुक्रवारी कुठे गेली गं ती?"

"मी साक्ष देते, आई. कुठेही देते."

"दे की. पण चूक गीचलची, हे आता मी म्हटलंय. त्याच्या आईने. त्याच्या पेटीशेजारी बसून."

बाहेर पेटी न्यायची गाडी लागली होती. दीर हाका मारत होता. ती उठली आणि जाता जाता माझ्यापुढचा वाडगा उचलून घेऊन गेली. मी चमचासुद्धा बुडवला नव्हता.