रोजच्या रस्त्याचं गियर

सून गॅरेजात आली तेव्हा मेकॅनिकने हात पुसले. उगाचच, पुन्हा काळे व्हायचेच होते. दोन वर्षांपूर्वी तापात त्याचा मुलगा गेला, तेव्हापासून मुलाची मोटरसायकल तीच चालवत होती. दुसरं लग्न कर, हा धोशा सासऱ्यानेच लावला होता. आता ते ठरलं, तर या शहाण्याला तीन दिवस घास गिळवत नव्हता.

"घाटात गाडी दम टाकते, बाबा. लग्नानंतर शिकवायचंय ती तिकडची शाळा परवा बघून आले, तेव्हा कळलं."

"टाकणारच. तुझ्या नवऱ्याने पुढे चेनचं पंधरा दातांचं स्प्रॉकेट बसवलंय, सपाटीवर उडवायला." 'तुझ्या नवऱ्याने' म्हटलं आणि त्याने जीभ चावली. "चौदाचं लावलं तर ओढेल. बसणार किती जण?"

"दोघं. तेही त्याच शाळेत शिकवतात." ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आणि ते काही बारीक नाहीत."

दोघंही हसले.

"रोज घाट चढायचा म्हणजे चौदाच," तो म्हणाला.

"तोटा काय त्यात?"

तो घुटमळला. "सपाटीवर साठच्या पुढे इंजिन बोंबलतं. लांब जायचं तर हात बधिर होतात."

तिकडून इथवर यायला चार तास लागत, आणि एक घाट उतरला की सगळी सपाटीच. तिच्या ते लगेच लक्षात आलं.

"मग राहू दे पंधरा. मी दर महिन्याला येणार आहे."

हेच ऐकायला तर त्याचे कान आसुसले होते. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण रोज दोघांना घेऊन तो चढ, म्हणजे सहा महिन्यांत क्लचप्लेट जळणार आणि ही अर्ध्या घाटात उभी राहणार.

"पोरी, गियर रोजच्या रस्त्याचं लावतात. कधीमधीच्या नाही."

"कधीमधी कोण म्हणालं?"

त्याने पाना उचलला. "मागचा ब्रेक दाबून धर. चाक फिरता कामा नये."

स्प्रॉकेटचा नट मुलाने आवळलेला होता. गाढवासारखा आवळायचा, किती वेळा सांगितलं होतं. म्हाताऱ्याने सगळा भार पान्यावर टाकला. दुसऱ्या हिसक्याला नट करकरला आणि फिरला.

"सुटला. काढ पाय."

तिने पाय काढला नाही. तोही दुसऱ्यांदा म्हणाला नाही.