गावपळणीतला फोन

सोमवारी सकाळी सिद्धीने ऑफिसचं दार उघडलं, कोनाड्यातल्या गणपतीला जास्वंद वाहिली आणि संगणक चालू केला. डिचोलीच्या बाजारामागे दोन खोल्यांत चालणारं ते शुश्रूषा केंद्र. तिथल्या नर्सेस पेडण्यापासून साखळीपर्यंत घरोघर जात, जखमा बांधत, त्यांचे फोटो काढून ऑफिसला पाठवत. त्यासाठी प्रत्येकीच्या फोनात ऑफिसचं ॲप होतं, आणि हे सगळे फोन सांभाळणं हेच सिद्धीचं काम. फोन हरवला तर इथे बसून त्याला कुलूप घालायचं, वेळ पडली तर पुसायचा. आजारी माणसाचं उघडं अंग परक्याच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

पडद्यावर एकच ओळ लाल झाली होती. तेजस्विनीचा फोन. दोन दिवस त्याचा ऑफिसशी संपर्क नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे पहाटे आपोआप हुकूम सुटला होता: संपूर्ण पुसा. खाली बारीक अक्षरांत होतं, 'फोनची वाट पाहत आहे.' म्हणजे फोन बंद होता. चालू होऊन रेंज मिळाली की त्याच क्षणी सगळं जाणार.

सगळं, हेच सिद्धीला टोचलं. बाकीच्या नर्सेसचे फोन अँड्रॉइडचे. त्यांत ऑफिसची खोली वेगळी. पुसा म्हटलं की तेवढीच रिकामी होई, घरचं सामान जागच्या जागी. तेजस्विनीचा एकटीचा आयफोन, दुबईच्या भावाने वापरून दिलेला. नोंदवताना सोपं पडतं म्हणून तो अख्खाच ऑफिसच्या ताब्यात घेतला होता. बटण एकच, इकडे खोली जाते, तिकडे घर.

इतक्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"सिद्धीबाय, मी तेजस्विनी. ह्यो माझ्या नणंदेचो फोन. माझो घरात रवलो गो."

"मग जाऊन आण ना."

"कशी जातलंय? आमची गावपळण चालू आसा."

तेजस्विनीचं सासर सातार्ड्याच्या पलीकडे, सिंधुदुर्गात. तिथे काही वर्षांनी एकदा, देवाने कौल दिला की सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहतो. पुन्हा आत यायलाही कौलच लागतो. तोवर गावात कुणी पाऊल टाकत नाही. शनिवारी निघायच्या गडबडीत सासऱ्यांनी विजेचं मेन स्विच बंद केलं आणि चार्जिंगला लावलेला, बॅटरी संपलेला फोन तसाच राहिला.

"पण काळजी नको हां," तेजस्विनी सांगत होती. "गावात चिटपाखरू नाय. आमची मनी तेवढी पिशवीतसून पळाली, ती आसा राखणेक."

सिद्धीला हसू आलं नाही. पडद्यावर काय दिसतंय ते तिने सांगितलं. पलीकडे गुरांच्या घंटा वाजत होत्या.

"सगळो म्हणजे? श्रद्धाचे व्हिडिओ पण?"

श्रद्धा तिची मुलगी. चार वर्षांची, उशिरा बोलायला लागलेली. पणजीच्या थेरपिस्टने सांगितलं होतं, मूल जो जो नवा आवाज काढेल तो टिपून ठेवा, पुढे काय शिकवायचं ते त्यावरून कळतं. आता पुढच्या भेटीला त्यांनी पहिल्यापासूनचं सगळं मागितलं होतं.

"दुसरीकडे कुठे ठेवलेत?"

"नाय गो. जागा भरली म्हणान ता क्लाउडचा कधीचा बंद पडला. तिचा पयला 'आई' त्यातच आसा."

सिद्धीच्या ओठांवर एक वाट आली होती. गावात परतल्यावर सिम काढून फोन चालू कर, रेंज नसली की हुकूम पोचत नाही, तारेने व्हिडिओ उतरवून घे. कुणाला कळलंही नसतं. पण ज्या हुकुमाची राखण आपल्याकडे आहे, त्याला आपणच चोरवाट दाखवायची, हे तिच्या मनाला पटेना.

"फोन हातात आला तरी चालू करू नकोस," एवढंच ती म्हणाली. "मी दोतोरांशी बोलते."

केंद्राचे मालक डॉक्टर रामचंद्र आले तेव्हा त्यांच्या हातात पोदेराच्या बेकरीतले गरम पाव होते.

"चहा-पाव घे, सिद्धी."

"सोमवारचा उपास आहे, दोतोर." आणि तिने सगळं सांगितलं. सुटलेला हुकूम मागे घ्यायला त्यांचा पासवर्ड लागणार होता.

"पुसू दे," ते पाव मोडत म्हणाले. "चोपड्याच्या विनोदिनीबाईंनी पाठीची जखम दाखवायला महिना घेतला. तो फोटो बाहेर गेला तर त्यांना काय तोंड दाखवू?"

"फोन हरवला नाही. कुठे आहे ते ठाऊक आहे."

"मग कुणाला तरी पाठवून आणव."

"आत कुणी जाणार नाही."

"चोर जाईल. चोराला कौल लागत नाही."

"चोराने नेला आणि रेंजवर आणलाच नाही, तर आपला कुठलाच हुकूम पोचत नाही. तेव्हा राखतो तो पासकोडच."

"काय ठेवलाय? एक दोन तीन चार?"

"तसला चालत नाही, दोतोर. तुम्ही तोच घातलात तेव्हा फोनने नाकारला नव्हता का?" सिद्धीचा आवाज जराही चढला नाही. "आणि रेंजवर आणला, तर नुसतं ऑफिसचं ॲप काढायचा हुकूमही तितक्याच लवकर पोचतो. रुग्णांचे फोटो त्या ॲपच्या बाहेर कुठेच नाहीत. मग पोरीचा आवाज कशाला पुसायचा?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "एकीला सूट दिली की उद्या दहाजणी मागतील."

"एकाला दिलेली आहे."

"कुणाला?"

"तुम्हाला."

शिरगावच्या देवीच्या जत्रेआधी डॉक्टर दर वर्षी धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, म्हणून व्रताला बसत. सोवळं, वेगळं जेवण, आणि फोन बंद करून कपाटात.

"त्या दिवसांत तुमचा फोनही लाल व्हायचा," सिद्धी म्हणाली. "म्हणून मी तुमच्या नावापुढे सूट लावली. व्रत मोडून फोन चालू करा, असं तुम्हाला कोण सांगणार? तुम्हाला न विचारता लावली, हे माझं चुकलं. काढा म्हणालात तर काढते."

डॉक्टरांनी हातातला पाव बशीत ठेवला. मग त्यांनी खुर्ची संगणकाकडे ओढली.

"रुग्णाचं एक अक्षर त्यात उरता कामा नये."

"उरणार नाही. ऑफिसला न पोचलेलंही जाईल. विनोदिनीबाईंचे शुक्रवारचे फोटो अजून आलेले नाहीत, ते पुन्हा काढावे लागतील."

"आणि म्हातारीला ते सांगणार कोण?"

"मी जाते तेजस्विनीबरोबर."

त्यांनी पासवर्ड घातला. लाल ओळ गेली, आणि तिच्या जागी दुसरा हुकूम वाट पाहत बसला: ऑफिसचं ॲप काढा.

कौल मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तेजस्विनी श्रद्धाला घेऊन आली. फोन रुमालात गुंडाळलेला, बंद.

"तूच चालू कर. माझो हात धजना नाय."

सिद्धीने चार्जर लावला. फोन उजळला, रेंज आली. ऑफिसच्या ॲपचं चित्र होतं तिथे रिकामी जागा झाली. तिघी पुढचं काही होतंय का ते बघत राहिल्या. काही झालं नाही. तेजस्विनीने एक व्हिडिओ उघडला. त्यात एक पोर भाताच्या वाटीआडून "आ... ई" म्हणाली, आणि मांडीवरची श्रद्धा स्वतःलाच बघून खुदकन हसली.

"आता परत नोंदवायला हवा," थोड्या वेळाने सिद्धी म्हणाली.

तेजस्विनीने फोन छातीशी धरला.

"ह्या वेळी वेगळ्या तऱ्हेने. ऑफिसचा कोपरा निराळा. मला तेवढाच दिसेल, तेवढाच पुसता येईल."

"आणि दोतोरांनी सांगितल्यानी तर?"

"तरीही. ते बटणच माझ्याकडे नसेल."

तेजस्विनीने फोन पुढे केला. "पयली हे व्हिडिओ दुसरीकडे ठेव. ते थंय वाजतत ते माका दाखव. मगे काय ती नोंद कर."

सिद्धीने तार जोडली. एकेक व्हिडिओ उतरत होता, आणि उतरलेला प्रत्येक तेजस्विनी लावून बघत होती. बाहेर पेडण्याच्या बसने हॉर्न दिला. सिद्धीने घड्याळाकडे पाहिलं.

"जाऊ दे ती," तेजस्विनी म्हणाली. "चोपड्याक विनोदिनीबायकडे दुसरे बशीन जाऊया."