तात्यासाहेबांची जीभ

पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. औरंगाबादेत गुलमंडीवर राहणाऱ्या तात्यासाहेबांच्या जिभेचं नाव पार पैठणपर्यंत होतं. घोटभर पाण्यावरून ते नहरीचं की विहिरीचं, हे ते सांगत. आमटीत धने जास्त भाजलेत की खोबरं, तेही ओळखत. लग्नघरी पंगत बसण्याआधी पहिली वाटी त्यांच्यापुढं यायची. त्यांनी मान डोलावली की आचारी सुटला.

त्या माघात ते तापानं पडले. ताप उतरला, पण चव काही परत आली नाही. बासुंदी काय न् पिठलं काय, तोंडात सगळं सारखंच. हे त्यांनी बायकोलाही, सारजाबाईंनाही, सांगितलं नाही.

त्यातच पुतण्याचं लग्न निघालं. आचारी पाचोडचा पुंजाराम, साठीचा माणूस. त्याच्या येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीवर लोक जीव टाकायचे. भर मांडवात त्यानं वाटी पुढं केली. "बघा मालक, कशी झालीय."

तात्यासाहेबांनी घोट घेतला. नुसतं गरम पाणी. सगळा मांडव तोंडाकडं बघत होता. चांगली म्हणावी, अन् बिघडलेली निघाली तर? ते घाबरले आणि बोलून गेले, "मसाला करपलाय, पुंजाराम."

"नाय हो मालक!" पुंजारामनं दोनदा चाखून बघितलं. मग त्याचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. "तुमी म्हनताय म्हंजी असंल," म्हणत त्यानं पातेलं नालीत रिकामं करायला लावलं. दुसरी आमटी होईस्तोवर पंगत दोन तास खोळंबली. वऱ्हाडी त्याला नाही नाही ते बोलले. तो खाली मान घालून येसर कालवत राहिला.

संध्याकाळी सारजाबाई हळूच म्हणाल्या, "ती पहिली आमटी मी आधीच लेकरांना वाढली होती. मीबी खाल्ली. लई झकास होती की. तुम्हाला करपट कुठं लागली?"

तात्यासाहेबांना त्यांच्याकडं बघवेना.

सकाळी वऱ्हाड चहाला बसलं असताना ते उभे राहिले. "कालची आमटी चांगली होती. तापापासून माझीच चव गेलीय. मी खोटं बोललो."

 मग मुलीचे वडील हसले. "केवढं मन हो! आचाऱ्याची चूक अंगावर घेताय."

"नाही हो, खरंच सांगतोय."

जितकं सांगावं तितकं लोक जास्तच वाखाणू लागले. बाहेर पुंजाराम टांग्यात झारे-पळ्या ठेवत होता. तात्यासाहेब त्याच्याजवळ गेले. "पुंजाराम, तू तरी माझं खरं मान."

"खरंच मानतो, मालक," तो म्हणाला. "पर पाचोडचे पाव्हने काल आमटी करपली म्हनतच घरी पोचले. त्यांना कोन सांगनार?"

टांगा निघाला. मांडवातून कुणीतरी चहाला हाक मारली. आत जाऊन पुन्हा ती वाहवा ऐकायची हिंमत तात्यासाहेबांना होईना. ते रस्त्यातच उभे राहिले.