फाटकावरचा डॉक्टर

“पहारेकरी सगळे कमी,” मॅडम म्हणाल्या आणि यादीवर आडवी रेघ मारली. “एक तारखेपासून फाटक कंत्राटदाराकडे. एकोणीसच्या एकोणीस देशांत हाच नियम. आपल्याकडे किती आहेत?”

“सात,” मी म्हटलं. खरे पहारेकरी मात्र सहाच होते.

आमच्या कारखान्यात पंप बनतात. पण तोच मालक इतर देशांत कुठे बिस्किटं भाजतो, कुठे रंग करतो, कुठे दवाखान्याच्या खाटा. आता मुख्य कचेरीने ठरवलं होतं की साऱ्या जगातली माणसं एकाच नोंदवहीत घ्यायची आणि साठ हुद्द्यांत बसवायची. एकसष्टावा हुद्दा नाही. बिस्किटवाला आणि पंपवाला एकाच मापाच्या सदऱ्यात. त्या कामासाठी मॅडम आल्या होत्या, वयाने माझ्या निम्म्या, पण कामाला वाघ. आणि त्यांच्या मदतीला मी. कर्मचारी विभागात एकतीस वर्षं. कपाटात चारशे बारा कार्डं, सगळी माझ्या हातची. बढाई मारत नाही म्हणायची पद्धत आहे, पण मी मारते. एकाही कार्डावर खाडाखोड नाही.

सातवा पहारेकरी म्हणजे आमचा डॉक्टर. पंप तयार झाला की तो चाचणीघरात येतो. डॉक्टर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला लावतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो. मग म्हणतो, “जाऊ द्या,” किंवा “उघडा.” एवढंच. म्हणून डॉक्टर. एकोणीस वर्षांपूर्वी तो आला तेव्हा चाचणीघरात जागाच मंजूर नव्हती. रिकामी होती ती पहारेकऱ्याची. तेव्हाचे साहेब म्हणाले, “आत्ता तिथे दाखवा, नंतर बघू.” मी दाखवलं. साहेब निवृत्त झाले, पुढे वारले, आणि ते ‘नंतर’ काही आलं नाही. डॉक्टर रोज सकाळी फाटकावर हजेरी लावायचा आणि थेट चाचणीघर गाठायचा.

बाकीच्या सहांना कंत्राटदार घेणार होता, तसं लेखी होतं. पण पन्नाशीच्या पुढचा माणूस त्याला नको होता. डॉक्टर चोपन्नचा. म्हणजे माझ्या एका ओळीपायी तो एक तारखेला घरी बसणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं.

“साहेबांवर ढकल ना,” हे म्हणाले. “ते वर गेलेत, जाब विचारायला कोण येतंय?”

“सही माझी आहे.”

“मग गप्प बस. तुझे निवृत्तीला चार महिने राहिलेत. आयुष्यभर ती कोरी फाइल मिरवलीस, आता जाता जाता पायावर धोंडा मारून घेतेस?”

फाइलचं खरं होतं. प्रत्येकाची एक फाइल असते आणि तिच्या डाव्या बाजूला चुकांचे मेमो लागतात. चारशे बारांत डावी बाजू कोरी असलेली माणसं तीन, आणि त्यातली एक मी. लग्नाकार्यातसुद्धा मी हे सांगत असे. नणंद तर म्हणायची, “वहिनींच्या कपाळावर चिकटवा ती फाइल.” त्या दिवशी ह्यांच्यापुढे चहा बिनसाखरेचाच ठेवला गेला.

कचेरीत गेले ती पर्स खाली न ठेवताच मॅडमच्या टेबलाशी उभी राहिले.

“सातवा पहारेकरी पहारेकरी नाही. तो पंप तपासतो. नोंद खोटी आहे.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कुणी केली?”

“मी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

जिभेवर साहेबांचं नाव आलं होतं. गिळलं. “सांगितलं कुणी का असेना, लिहिलं मी.”

त्या उठल्या. “दाखवा मला.”

चाचणीघरात डॉक्टर कामात होता. तीन पंप त्याने “जाऊ द्या” म्हणून सोडले. चौथ्याला बराच वेळ कान लावला. भिंतीवरच्या यंत्राचा दिवा हिरवा होता.

“उघडा,” डॉक्टर म्हणाला.

“यंत्र तर ठीक म्हणतंय,” मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरने स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. त्यांनी कानाला लावला. “नुसती घरघर आहे हो.”

“त्या घरघरीत एक बारीक सूर असतो, मॅडम. तो नाहीये. गप्प झालेलं पोर आजारीच असतं.”

फिटरने पंप उघडला. आतल्या बेअरिंगची एक गोळी चिरलेली होती. मॅडमनी ती तळहातावर घेऊन उलटसुलट केली. मग मी बरोबर आणलेलं डॉक्टरचं कार्ड पुढे केलं. त्याच्या मागच्या बाजूला दर वर्षी मी पेन्सिलीने एक आकडा लिहीत आले होते: ह्याने सोडलेले आणि तक्रार होऊन परत आलेले पंप. एकोणीस वर्षांत दोन.

“हे लिहायला कुणी सांगितलं होतं?” मॅडमनी विचारलं.

“कुणी नाही. पुढची बाजू खोटी होती, निदान मागची तरी खरी असावी म्हणून.”

वर आल्यावर त्यांनी साठ हुद्द्यांची यादी काढली. तेविसावा, गुणवत्ता परीक्षक. “बसतात हे इथे. पण दुरुस्तीचं कारण लिहावं लागेल, चूक कुणाची तेही. मेमो निघेल, बाई. मला टाळता येणार नाही.”

“टाळू नका. मी तुमच्या जागी असते तर मीही काढला असता.”

त्या पहिल्यांदाच हसल्या. मी लाल पेन घेतलं, कार्डावरच्या ‘पहारेकरी’वर सरळ रेघ मारली, वर नवा हुद्दा लिहिला आणि बाजूला सही केली. वाईट मात्र वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुपारी डॉक्टर वर आला. दारातच घुटमळला.

“ताई, माझ्यामुळे तुमच्या नावाला...”

“तुमच्यामुळे कसलं? अक्षर माझं. आणि एकोणीस वर्षं तुम्ही एकदा तरी तोंड उघडलंत का?”

“तुम्ही नोकरी दिली होतीत. वर हुद्दा कुठे मागू?” तो कार्डाकडे बघत राहिला. “एक दाखला मिळेल का, नव्या हुद्द्याचा? लेकीच्या शाळेच्या फॉर्मपासून सगळीकडे वडील पहारेकरी असंच लिहिलंय. तुमचा कागद तसा होता ना. तिला दाखवीन म्हणतो.”

ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. मेमोपेक्षा ते जास्त लागलं. दाखला मी त्याच्यासमोर टाइप केला, शिक्का दोनदा मारला. त्याने तो घडी न घालता, दोन्ही हातांत धरून नेला.

चार वाजता मेमो आला. एक प्रत मला, एक फाइलीला. फाइलीला लावायचं काम माझंच. मी कागदाच्या कडा जुळवल्या, भोकं पाडली आणि माझ्या फाइलीच्या डाव्या बाजूला लावला. एकतीस वर्षांतला पहिला कागद. किंचित तिरका बसला होता. काढला, आणि पुन्हा सरळ लावला.