पाखरांच्या दोन ओळी

"सत्यवतीबाई, फडकं काढा ना. काय आणलं ते दिसू द्या समद्याइले," जानराव म्हणाले.

मूर्तिजापूरजवळच्या त्या लहानशा चर्चमध्ये पहिल्या पिकाचा सण होता. वेदीपुढे ज्वारीची कणसं, कापूस, लाल भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. प्रार्थना झाली की यांचा लिलाव व्हायचा. सत्यवतीबाईची टोपली तेवढी झाकलेली होती.

जानराव चर्चच्या शेताचे कारभारी. कारभारी कसले, मालकच समजायचे स्वतःला. देवाने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली, पशुपक्षी त्याच्या हाताखाली दिले, म्हणून यंदा दाणा वाया गेला नाही, असं त्यांनी आत्ताच उभं राहून सांगितलं होतं. ऐकताना सत्यवतीबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

त्याच शेतात माचाणावर उभं राहून पाखरं हाकण्यात तिचा जन्म गेला. गोफण अशी फिरवायची की पाखरू उडावं, मरू नये. कडेच्या दोन ओळी पाखरांसाठी सोडायचा रिवाज तिच्या नवऱ्याने, याकोबने, पाडला होता. शेत देवाचं, आपण राखणदार, म्हणायचा बिचारा. आणि या जानरावांनी नेमके त्याच दोन ओळींत कपाशीवर फवारायच्या विषारी दवाईत भिजवलेले दाणे टाकले होते.

तिने फडकं काढलं. चिमण्या, साळुंक्या, एक राघू. सगळे मेलेले. बाया मागे सरल्या.

"हे काय आणलं वं वेदीपुढं?" जानराव ओरडले.

"तुमचंच पीक हाय. तुमी पेरलं, मी येचलं."

"पाखरंच तं हायेत. देवानं सत्ता देली आपल्याले."

"सत्ता देली म्हून जहर चारता? तेही त्याइच्याच ताटात? लाज वाटू द्या जराशी. मालक दिसत नाही म्हून राखणदारानं त्याचीच लेकरं मारावी काय?"

ती प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांकडे वळली. "साहेब, तुमी तरी सांगा. हे दवाई बंद करा म्हना."

पाळकांनी घसा साफ केला. "आधी लिलाव उरकून घेऊ, बाई."

लिलाव उरकला. भोपळे गेले, कोंबड्या गेल्या. टोपलीकडे कुणी फिरकलं नाही. तिनेच ती उचलली, याकोबच्या कबरीशेजारी खड्डा करून पाखरं पुरली आणि मातीच्या हातांनीच तरातरा माचाणावर चढली. राग अजून उतरला नव्हता. गोफणीत दगड घालून तिने सवयीने जोराची हाळी दिली.

शेतातून काहीच उडालं नाही. तिने दगड काढून खाली ठेवला आणि गोफण कमरेला गुंडाळली.