एकदाच विचारणारे लोक

नेकनूरचा दस्तगीर मिस्त्री बीडला अबरारच्या घरी निघाला तो दोन दिवस पोट रिकामं ठेवून. जेवायचं आमंत्रण होतं आणि जेवण झाल्यावर त्याच्या लेकीला, उज्माला अबरारसाठी मागणी घालणार होते. पोर चांगल्या घरी पडावी, एवढीच त्याची आस.

अबरार आणि त्याची आई अफसानाबी, दोघं आठ वर्षं कॅनडात राहून आलेली. दारातच दस्तगीरचा पाय अबरारच्या पायावर पडला, तर पोरगंच म्हणालं, "सॉरी, चाचा!" दस्तगीरला शिसारी आली. तुडवलं मी, अन् माफी ह्यो मागतो?

मग बिर्याणी आली. तिच्या वासानं तिकडं मांजरसुंब्याच्या घाटात ट्रक थांबले.

"चाचा, जेवता ना?"

"न्हाई बेटा, जेवूनच आलतो."

रीतच ती. पहिल्यांदा न्हाई म्हणायचं, दुसऱ्यांदा पोटावर हात ठेवायचा, तिसऱ्यांदा 'बरं, चार घास' म्हणत पुढं सरकायचं. दस्तगीरनं हात पोटावर ठेवलादेखील.

"ओके," अबरार म्हणाला आणि चाचापुढचं ताट उचलून आत घेऊन गेला.

मायलेकं त्याच्यासमोर मिटक्या मारत जेवली. दस्तगीरच्या पोटात असा गडगडाट झाला की शेजारी बाहेर येऊन कुणाच्या बोअरला पाणी लागलं ते बघू लागले.

अफसानाबी समजावत म्हणाली, "तिकडं असंच असतं, भाईजान. माणूस न्हाई म्हणला की न्हाई. आग्रह करणं म्हंजे बदतमीजी."

"अन् पाव्हणा उपाशी मेला तर?"

"तर त्यानं हो म्हणावं."

थू! आपल्याच तोंडानं 'वाढा' म्हणायचं? फकिरासारखं?

हात धुऊन अफसानाबी मुद्द्यावर आली. "भाईजान, उज्मा आमाला द्याल?"

'आमची पोर लहान हाय अजून,' हे दस्तगीरच्या जिभेवर आलंच होतं. मुलीचा बाप पहिल्या फटक्यात हो म्हणत नसतो. तेवढ्यात त्याची नजर अबरारवर गेली. पोराचे ओठ 'ओके'साठी गोल झालेले!

"दिली!" दस्तगीर ओरडला. "दिली, दिली!"

माशी गिळल्यासारखं तोंड करून तो घरी आला. बायको बीबीजान दारातच उभी होती.

"ठरलं?"

"ठरलं."

"किती येळा न्हाई म्हणलात?"

"सात."

"सातच? माझ्या अब्बानं तुमाला नऊ येळा म्हणलं व्हतं."

"दोन मोजायच्या राहिल्या," दस्तगीर म्हणाला आणि अंगणात पचकन थुंकला.