बंद पाइपाची ऊब

...पत्र्याची ती लाल चकती, तळहातावर मावेल एवढी, तिच्यावर पांढऱ्या रंगात 'बंद' — आता टेबलावर, कीबोर्डशेजारी. काल कंपनीत, कापड रंगवायच्या खात्यामागे, भिंतीशी, तिनं नुसता हात लावला तर गंजलेली तार तुटून चकती हातातच आली. परत अडकवावी म्हणून दुसऱ्या हातानं पाइप धरला — आणि हात झटकन मागे घेतला. पाइप गरम होता. बंद पाइप गरम कशाला असेल? आतून काहीतरी वाहत होतं, सावकाश, भिंतीपलीकडे, ओढ्याकडे... आणि ओढ्याच्या काठी धाकट्या बहिणीचं घर.

एरवी अहवालाचं तिला काय ओझं? कंपनीचे पर्यावरणाचे अहवाल इतकी वर्षं तिनंच तर लिहिले — झाडांचे फोटो, हसरे कामगार, गुळगुळीत कागद. कोणी वाचत नव्हतं, तिला तरी कुठे वाचवत होते! पण यंदा कायदाच आला. पाणी किती घेतलं, किती सोडलं, कुठे सोडलं, सगळं आकड्यांत. आणि खाली एका माणसाचं नाव, सही. ते नाव तिचं. साहेबांनीच सुचवलं होतं, बढतीसकट, आणि तेव्हा काय आनंद झाला होता मेलीला!

"त्या पाइपाला मीटर आहे का?" सकाळी तिनं पाइपाचं सांगितलं तेव्हा साहेबांनी चष्मा पुसत विचारलं.

"नाही."

"मग आकडा आणणार कुठून? मीटर आहे त्याचाच आकडा द्यायचा. बाकी शून्य. खोटं थोडंच लिहितोय आपण?"

"पण साहेब, गरम होता तो."

"उन्हानं तापला असेल हो. एवढं मनाला लावून घेऊ नका."

उन्हानं! त्या भिंतीवर ऊन येतच नाही. हे तिला जिन्यात आठवलं, आणि परत वर जायला पाय उचलेना. का उचलेना? मी काय घाबरते त्यांना? घाबरते. नोकरी गेली तर घरात दुसरं कमावतं कोण आहे... आणि उन्हाचं खरं निघालं तर किती बरं होईल, असंही वाटलंच की मला.

शून्य भरून झालं होतं. सही तेवढी राहिली होती. तिनं धाकटीला फोन लावला. पलीकडे बाळ किरकिरत होतं.

"पिल्लू का रडतंय गं?"

"अगं ताई, परत पुरळ उठलंय अंगभर. शेजारच्या काकू म्हणतात, उष्णता."

"पाणी कुठलं देतेस त्याला?"

"बोअरचंच. पण उकळून, गाळून देते हं! अगदीच वेंधळी समजू नकोस मला." धाकटी हसली.

उकळून... उकळल्यानं जंतू मरतात. पण रंगाच्या पाण्यात जे असतं ते मरत नाही, ते तसंच राहतं, वरचं पाणी तेवढं आटतं. सांगावं. आत्ताच्या आत्ता सांगावं, ते पाणी बंद कर म्हणून. मग ती विचारेल, का? तुला काय माहीत आहे? कधीपासून?

"उष्णताच असेल," ती म्हणाली. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

शब्द निसटले आणि तिला ओळखू आले. सूरसुद्धा तोच, मऊ, चष्मा पुसतानाचा.

"तू म्हणालीस ना, आता जिवाला बरं वाटलं बघ," धाकटी म्हणाली आणि बाळाला घ्यायला धावली.

फोन ठेवला. सहीची चौकट समोर तशीच, रिकामी. तळहात मात्र गरम होता, कालच्यासारखाच... आणि खोलीत ऊन नव्हतं, कुठेच नव्हतं.